माउंट व्हर्नन : लाकडाचं घर, दगडाचा आव

पोटोमॅककाठी

भारतातून पाहुणे आले की त्यांना माउंट व्हर्ननला न्यायचं, हा आमच्या व्हर्जिनियातल्या मराठी घरांचा रिवाजच आहे. आदल्या दिवशी व्हाइट हाउस बाहेरून आणि म्युझियमं आतून, दुसऱ्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. रांगेत उभं राहायचं, भराभर खोल्या बघायच्या, नदीकडच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून फोटो काढायचा, की झालं. हा धागा एवढ्यासाठीच काढतोय की या घराची खरी गंमत रांगेत शिरण्याआधी आहे. पश्चिमेच्या मोठ्या हिरवळीवर उभं राहा आणि पाच मिनिटं नुसतं घराकडे बघा.

पहिल्या नजरेत सगळं कसं प्रमाणबद्ध. मध्ये दुमजली घर, वर लाल छप्पर, छपरावर घुमटी, दोन्ही बाजूंनी कमानींच्या अर्धगोल वाटा आणि त्यांच्या टोकाला एकेक छोटी इमारत. आता दरवाजा बघा. तो वरच्या त्रिकोणी शीर्षाच्या बरोबर खाली नाही, बाजूला सरकलाय. खिडक्यांमधली अंतरंही सारखी नाहीत. एकदा हे दिसलं की पुन्हा न दिसणं शक्य नाही.

कारण साधं आहे. हे घर कुणी एकदा बसून आखलेलं नाही, वाढत गेलेलं आहे. जमीन वॉशिंग्टनच्या पणजोबांकडे १६७४ साली आली. वडिलांनी, म्हणजे ऑगस्टिननी, १७३४च्या सुमारास दीड मजल्याचं बेताचं घर बांधलं. ते पुढे सावत्र भाऊ लॉरेन्सकडे गेलं. लॉरेन्स ब्रिटिश आरमाराबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या कार्ताहेनाच्या मोहिमेवर जाऊन आला होता, म्हणून त्याने जागेला आपल्या ॲडमिरल व्हर्ननचं नाव दिलं. (म्हणजे ज्याने इंग्रजांना हाकललं त्याच्या घराला इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचं नाव, आणि ते त्याने शेवटपर्यंत बदललं नाही.) लॉरेन्स १७५२ साली वारला. १७५४पासून जॉर्जने ही इस्टेट खंडाने घेतली, आणि लॉरेन्सची विधवा १७६१ साली गेल्यावर ती पूर्ण त्याच्या मालकीची झाली.

मालकी हातात यायच्या आधीच, १७५८ साली, मार्था कस्टिसशी लग्न ठरत असताना त्याने घराचं छप्पर उचलून एक अख्खा मजला वाढवला. १७७४ साली दुसरं मोठं काम काढलं: दक्षिणेला स्वतःची अभ्यासिका आणि वर शयनगृह, उत्तरेला दुमजली उंचीचा दिवाणखाना, नदीकडे व्हरांडा. तेवढ्यात स्वातंत्र्ययुद्ध लागलं. मालक आठ वर्षं रणांगणावर, आणि बांधकाम बघतोय लुंड वॉशिंग्टन हा लांबचा भाऊ. छावणीतून खोल्यांबद्दल सूचना देणारी पत्रं येतायत. घुमटीवर ऑलिव्हची डहाळी चोचीत धरलेला कबुतराचा वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा) बसला तो थेट १७८७ साली. फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली जात होती, त्याच वर्षी.

आणि सगळ्यात मोठी लबाडी भिंतींची आहे. लांबून घडीव दगड वाटतो ना? पाइनच्या फळ्या आहेत. कडा तासून दगडांच्या सांध्यांसारख्या खाचा केल्यात, रंग दिलाय आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारलीय.

तुम्हाला काय दिसलं, काय खटकलं, लिहा.

कौलारू

मस्त विषय. मी पेशाने आर्किटेक्ट, त्यामुळे राहवत नाही.

त्या सरकलेल्या दरवाजाबद्दल थोडी भर. आतला जिना आणि जुन्या खोल्यांच्या भिंती न पाडता दोन्ही टोकांना वाढ केली की बाहेरून असंच होणार. नव्याने बांधणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. शेजारचंच उदाहरण घ्या. जॉर्ज मेसनचं गन्स्टन हॉल तिथून जवळ आहे. १७५०च्या दशकात विटांमध्ये नव्याने बांधलेलं, आणि आतलं अप्रतिम लाकूडकाम विल्यम बकलंड या कारागिराचं, जो कराराने बांधलेला नोकर म्हणून इंग्लंडहून आला होता. तिथे सगळं मापात आहे. जेफरसनचं माँटिसेलोही विटांचं आणि पुस्तकी अभ्यासातून आलेलं. वॉशिंग्टनकडे आर्किटेक्ट नव्हता. त्याच्याकडे होती सर्वेअरची नजर आणि इंग्रजी नमुना-पुस्तकं. दिवाणखान्यातली ती मोठी तीन भागांची व्हेनिशियन खिडकी बॅटी लँगलीच्या अशाच एका पुस्तकातून उचललेली आहे.

पण नदीकडचा व्हरांडा मात्र पुस्तकातला नाही. घराच्या पूर्ण लांबीचा, दोन मजले उंच, चौकोनी खांबांचा असा व्हरांडा तेव्हाच्या व्हर्जिनियात कुणाकडे नव्हता. मला हा त्या घरातला सगळ्यात अस्सल विचार वाटतो. पूर्वेला आणि नदीकडे तोंड, म्हणजे दुपारनंतर सावली. घुमटीच्या खिडक्या उघडल्या की जिन्यातून गरम हवा वर खेचली जाते आणि खालून नदीचा वारा आत येतो. जुलैत तिथे गेलेल्यांना याचं मोल कळेल. अमेरिकेने पुढे या व्हरांड्याच्या इतक्या नकला केल्या की आता मूळ बघताना एखाद्या महामार्गावरच्या मोटेलची आठवण येते. यात मूळ घराचा काय दोष!

अर्धगोल कमानींच्या वाटाही बघा. त्या दोन्ही बाजूंनी उघड्या आहेत, भिंतींनी बंद केलेल्या नाहीत. त्यामुळे हिरवळीवरून त्यांच्यातून पलीकडचं आकाश आणि झाडी दिसते, आणि एका टोकाच्या स्वयंपाकघरातून ताटं झाकलेली आणता येतात, पाऊस लागत नाही.

सातारी तिखट

सगळं खरं. पण "त्याने मजला वाढवला, त्याने व्हरांडा काढला" हे वाचून दात शिवशिवले. त्याने एक तरी खिळा ठोकला का? ताटं झाकून आणणारे कोण होते? १७९९ साली त्या इस्टेटीवर ३१७ गुलाम माणसं होती. तुमच्या दोघांच्या एवढ्या लांबलचक पोस्टींत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

पोटोमॅककाठी

बरोबर प्रश्न. आणि तो वास्तूशी जोडूनच विचारायला हवा.

१७७४च्या कामावरचा मुख्य सुतार गोइंग लँफियर हा पगारी गोरा माणूस. पण फळ्या तासणारे, विटा भाजणारे, चुना कालवणारे हात बहुतांशी गुलामांचेच. त्यातल्या काहींची नावं नोंदींत आहेत. टॉम डेव्हिस गवंडी. सँबो अँडरसन सुतार, आफ्रिकेतून आणलेला, जो पुढे मुक्त झाल्यावर त्याच परिसरात राहिला. घर ज्यांच्या हातचं, त्यांची घरं कशी होती? मुख्य वाड्याजवळ वनस्पतिगृह आहे, संत्र्या-लिंबांची झाडं थंडीत जगवायला बांधलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला विटांचे पंख जोडून त्यांत गुलामांची राहण्याची सोय केली. समोरून बघितलं तर बागेतली देखणी इमारत, मागच्या बाजूने त्या खोल्यांची दारं. हे सगळं १८३५ साली जळलं, आज दिसतं ते १९५१ सालचं पुनर्बांधकाम.

पण बहुसंख्य लोक तिथे राहतच नव्हते. ते लांबच्या शेतांवर, ओंडक्यांच्या एकखणी झोपड्यांत. १७९८ साली न्येम्त्सेविच नावाचा पोलिश पाहुणा येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की आपल्याकडच्या गरिबातल्या गरीब शेतकऱ्याची खोपटी याहून बरी. त्यातली एकही मूळ झोपडी टिकलेली नाही. वाळू मारलेल्या फळ्या टिकल्या.

जुनी पेठ

धाग्याला थोडं वळण देतो, चालवून घ्या. काळाचा मेळ बघा. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ची, ऑगस्टिनचं घर त्यानंतर दोनेक वर्षांनी. वॉशिंग्टन गेला १४ डिसेंबर १७९९ला, आणि आपले नाना फडणवीस मार्च १८००मध्ये. तीन महिन्यांचं अंतर.

आणि दोघांना जोडणारा एक माणूसही आहे, तो म्हणजे कॉर्नवॉलिस. १७८१ साली यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनपुढे याच्याच फौजेने शस्त्रं ठेवली. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यात. १७९२ साली श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावताना त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा उभ्या होत्या. शेवटी १८०५ साली गाझीपूरला वारला, थडगं तिथेच आहे. त्या वेळच्या आपल्या मुत्सद्द्यांना माउंट व्हर्ननची खबर असायचं कारण नव्हतं, पण अमेरिकेत हरलेली तलवार त्यांच्या बाजूने लढत होती.

निंबोणी

जुनी पेठ, मस्त माहिती! अवांतर म्हणू नका, वाचनखूण साठवली.

मला मुक्ततेबद्दल विचारायचंय. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं असं सगळीकडे कौतुकाने सांगतात. सगळ्यांना केलं का?

पोटोमॅककाठी

नाही. आणि हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

३१७ पैकी १२३ जण वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे. १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. तो मृत्युपत्र न करता वारला, म्हणून कायद्याने त्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेला हयातीपुरता मिळाला. वापर तिचा, मालकी वारसांची. त्यांना मुक्त करायचा हक्क ना तिला होता ना जॉर्जला. उरलेले चाळीसेक भाड्याने आणलेले.

मृत्युपत्रात लिहिलं होतं की माझे गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. अपवाद फक्त विल्यम ली, युद्धभर सोबत असलेला खाजगी नोकर. त्याला लगेच मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर. आता विचार करा, घरातल्या शंभरावर लोकांना माहीत आहे की या बाईंचा श्वास थांबला की आपण मोकळे. मार्थाला त्या घरात धास्ती वाटत असल्याचं ॲबिगेल ॲडम्सने भेटीनंतर लिहून ठेवलंय. १ जानेवारी १८०१ला तिने त्यांना मुक्त करून टाकलं. १८०२ साली ती गेली आणि ते १५३ व त्यांची पोरंबाळं चार नातवंडांत वाटली गेली. दोन्ही गटांत लग्नं झालेली होती. म्हणजे नवरा मोकळा आणि बायको-मुलं वाटणीत, अशी कितीतरी घरं फुटली.

सातारी तिखट

आणि जे वाट बघत बसले नाहीत ते? ओना जज. मार्थाची खास दासी, १७९६ साली फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून जेवणाच्या वेळी निघून गेली. तिला परत आणायला वॉशिंग्टनने माणसं लावली, जाहिरात निघाली, पण ती न्यू हॅम्पशायरला पोचली ती पोचलीच. १८४८पर्यंत जगली. स्वयंपाकी हर्क्युलिस १७९७च्या फेब्रुवारीत खुद्द माउंट व्हर्ननहून पळाला, तारीख २२, म्हणजे मालकाचा वाढदिवस.

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने बाहेरचा गुलाम सहा महिने सलग तिथे राहिला तर मुक्त होत असे. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन ते महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. घटना लिहिणाऱ्यांच्या सभेचा अध्यक्ष! पुतळे उभारा, पण हेही पाटीवर लिहा एवढंच म्हणणं.

कौलारू

सातारी, पाट्यांवर आता बरंच आहे हो. गुलामांच्या दफनभूमीवर १९२९ साली एक छोटी शिला बसवली होती. १९८३ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेलं स्मारक झालं, आणि त्याच टेकाडावर अनामिक कबरी शोधायचं उत्खनन गेली काही वर्षं चालू आहे. कबरी उघडत नाहीत. वरची माती खरवडून फक्त खड्ड्यांच्या कडा नोंदवतात आणि परत झाकतात. वॉशिंग्टनची कबर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

शेतकरी नातू

शहरी मंडळींनी शेतीचा विषयच काढला नाही! सुमारे ८००० एकर, पाच शेतं, प्रत्येकावर वेगळा मुकादम. वाडा त्यातल्या एकाच शेतावर.

आधी तंबाखू. तो लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा, भाव तो ठरवणार, त्याच पैशातून कपडे-फर्निचर तो पाठवणार, आणि दरवर्षी उधारी वाढणार. ही गोष्ट आपल्याकडच्या ऊसवाल्यांना सांगायला नको. १७६०च्या दशकात वॉशिंग्टनने तंबाखू सोडून गहू धरला, १७७१ला स्वतःची गिरणी बांधली. पुढे शेणखतासाठी छप्पर असलेली वेगळी खणाची इमारत, स्पेनच्या राजाकडून आलेला गाढव आणि त्याच्यापासून खेचरांची पैदास, असले उद्योग.

पण मला जे बघायचंय ते सोळा कोनांचं दुमजली खळं. आपण तिवड्याभोवती बैलांची पात धरून मळणी करायचो, तसंच तिथे घोडे गोल फिरवायचे, पण वरच्या मजल्यावर, छपराखाली. जमिनीच्या फळ्यांत दीड इंचाच्या फटी. दाणे खाली पडतात, पेंढा वर राहतो. पाऊस आला तरी मळणी चालू, माती मिसळत नाही, आणि चोरीही कमी. सुतार अर्थातच गुलाम, १७९०च्या दशकात बांधलं. आकृती वॉशिंग्टनने स्वतः काढली होती म्हणतात, त्यात विटा किती लागतील याचाही हिशेब. माझ्यासाठी त्या व्हरांड्यापेक्षा ही इमारत मोठी.

कुणी जाऊन आलंय का? मूळ आहे की नवीन?

पोटोमॅककाठी

मूळ नाही, प्रतिकृती आहे, नदीकडच्या शेतात. उन्हाळ्यात कधीकधी घोडे चालवून दाखवतात. तुमच्याशी सहमत, शोभेसाठी काही बांधलेलं नाही, कामानेच आकार दिलाय.

शेतीबरोबर दोन धंदे राहिले. एक मासेमारी. वसंतात पोटोमॅकमध्ये शॅड आणि हेरिंग चढतात तेव्हा जाळी ओढून काही आठवड्यांत दहा लाखांवर मासे काढायचे, खारवून विकायचे आणि गुलामांच्या शिध्यातही द्यायचे. दुसरा दारूचा. जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सल्ल्याने १७९७ साली भट्टी सुरू केली आणि १७९९ साली जवळजवळ ११००० गॅलन व्हिस्की निघाली. देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक. पुढे ती जळाली. पुन्हा उभारलेली भट्टी आणि गिरणी मुख्य घरापासून साधारण तीन मैलांवर आहेत.

निंबोणी

मला वाटतं आपण एक मोठी गोष्ट विसरतोय. हे घर आज उभं आहे ते ना वॉशिंग्टनच्या वारसांमुळे ना सरकारमुळे.

१८५०च्या दशकात नदीकडच्या व्हरांड्याचे खांब कुजले होते आणि छताला जहाजांच्या डोलकाठ्यांचे टेकू लावले होते. त्या काळचा फोटो आहे, बघून वाईट वाटतं. शेवटचा मालक जॉन ऑगस्टिन वॉशिंग्टन, जॉर्जच्या भावाच्या वंशातला. त्याने केंद्र सरकारला विचारलं, व्हर्जिनियाला विचारलं. दोघांनीही घेतलं नाही.

साउथ कॅरोलिनाच्या लुइझा कनिंगहॅम १८५३ साली आगबोटीतून जाताना ही दशा बघतात आणि मुलीला पत्र लिहितात. मुलगी ॲन पामेला, घोड्यावरून पडल्यापासून आजारी. ती देशभरातल्या बायकांना वर्तमानपत्रांतून आवाहन करते, राज्याराज्यांत एकेक प्रतिनिधी नेमते आणि १८५८ साली २ लाख डॉलरला घर आणि २०० एकर जमीन घ्यायचा करार करते. ज्या काळात विवाहित बाईला स्वतःच्या नावावर व्यवहार करणं मुश्कील, त्या काळात! एडवर्ड एव्हरेट या वक्त्याने गावोगाव वॉशिंग्टनवर व्याख्यानं देऊन ६९ हजार जमवून दिले. हाच तो गेटिसबर्गला लिंकनच्या गाजलेल्या भाषणाआधी दोन तास बोललेला.

पुढे यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी शस्त्रं बाहेर ठेवून आत यावं असा दंडक या बायकांनी पाळून घेतला. आजही ती इस्टेट या बायकांच्याच संस्थेकडे आहे, सरकारी अनुदानाशिवाय.

कौलारू

निंबोणी, अगदी. आणि या बायकांचं एक काम माझ्या पेशातल्यांनी शिकण्यासारखं आहे. त्यांनी घराबरोबर समोरचा देखावाही राखला. व्हरांड्यातून नदीपलीकडे मेरीलँडचा किनारा दिसतो, तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात तेलाच्या टाक्या येणार होत्या. संस्थेच्या फ्रान्सेस बोल्टन, ओहायोच्या खासदार, यांनी तिथली जमीन स्वतः घेऊन ठेवली आणि १९६१ साली काँग्रेसने तिथे पिस्कॅटवे पार्क मंजूर केलं. म्हणून आज तिथे झाडीच दिसते.

लाकडी घराला आगीची धास्ती कायम. १९१६ साली वीज आणली ती एडिसनच्या देखरेखीखाली, आणि हेन्री फोर्डने आगीचा बंब भेट दिला.

मला पटत नाही ते रंगांचं प्रकरण. छोट्या जेवणघराच्या भिंती तो झणझणीत हिरवा! मूळ नोंदी आणि रंगाचे थर तपासून केलंय हे मान्य, तेव्हा हा रंग महाग आणि म्हणून प्रतिष्ठेचा होता हेही मान्य. पण डोळ्यांना इनो द्यावा लागतो.

जुनी पेठ

दिवाणखान्यातल्या संगमरवरी शेकोटीबद्दल कुणी लिहिलं नाही. ती सॅम्युएल व्हॉन या लंडनच्या व्यापाऱ्याने पाठवली. आपल्या साध्या प्रजासत्ताकी राहणीला ही फारच उंची होईल, असा संकोच वॉशिंग्टनने पत्रात व्यक्त केला, आणि बसवून घेतली. मधल्या दालनात बॅस्टिलच्या किल्ल्याची चावी टांगलीय, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनसोबत लढलेल्या फ्रेंच लाफायेतने पाठवलेली. त्याच दालनाच्या पाइनच्या भिंतींना रंगाने महोगनीचे रेषे काढलेत. बाहेर फळ्यांना दगडाचं सोंग, आत पाइनला महोगनीचं.

सातारी तिखट

चावी मुक्तीची, भिंतीवर टांगणारा मालक. असो. धागा चांगला जमलाय, दाद देतो.

शेतकरी नातू

अजून एक. मध्यंतरी तळघरात फळांच्या बाटल्या सापडल्याची बातमी होती, ती हीच जागा ना?

पोटोमॅककाठी

हीच. घराच्या मोठ्या दुरुस्तीच्या निमित्ताने तळघरात खणत होते, तेव्हा २०२४ साली खड्ड्यांत पुरून ठेवलेल्या ३५ बाटल्या निघाल्या. २९ धड. अठराव्या शतकाच्या मध्यातल्या, आत चेरी आणि बेरीसारखी फळं, काहींत तर देठासकट. पुरणारे हात कुणाचे असतील ते आता या धाग्यावर वेगळं सांगायला नको. चेरीच्या बिया तपासायला दिल्यात, उगवतात का तेही बघणार होते.

शेतकरी नातू

पावणेतीनशे वर्षांची बी काही उगवायची नाही, लिहून घ्या. पण उगवलीच तर मला एक फांदी मिळवून द्या, महाबळेश्वरच्या मावसभावाकडे कलम बांधून बघतो.